पोटातल्या बाळाला कळतो का आपला पत्ता?

तळ्याकाठची (धागाकर्ती)

मोठा धागा होणारे, आधीच सांगते.

गेल्या महिन्यात नणंदेची डिलिव्हरी झाली, इथेच शिकागोत. दिवस पूर्ण भरलेले, भानगड काही नाही, पण बाळ ५ पाउंड ४ औंस भरलं, म्हणजे आपले २ किलो ३८० ग्रॅम. २५०० ग्रॅमच्या खाली गेलं की चार्टवर 'लो बर्थ वेट' असा शिक्का बसतो. बाळ ठणठणीत आहे, रडून घर डोक्यावर घेतंय. पण तो शिक्का सासूबाईंनी वाचला आणि तिथून सुरू झालं, तू नीट खाल्लंच नाहीस, नवव्या महिन्यापर्यंत लॅपटॉप मांडीवर, रात्री बारा-बारापर्यंत मीटिंगा. बाळंतीण बिचारी टाके सांभाळत ऐकून घेत होती. मला राग आला पण हातात उत्तर नव्हतं, म्हणून रात्री वाचायला बसले की बाळाचं वजन ठरतं तरी कशावर, आणि वाचता वाचता भलतीकडेच पोचले. सुरुवात केली होती आईच्या ताटापासून, येऊन थांबले आईच्या पत्त्यावर.

अमेरिकेत २०२२ साली दर १००० जन्मांमागे ५.६ बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली. गोऱ्या आयांची बाळं वेगळी काढली तर हा आकडा ४.५, आणि कृष्णवर्णीय आयांची काढली तर १०.९. दुपटीच्या वर! ३७ आठवड्यांच्या आत जन्मणाऱ्या बाळांचंही तेच, गोऱ्यांमध्ये शंभरात साधारण ९.४, कृष्णवर्णीयांमध्ये १४.६. देश तोच, वर्ष तेच.

मी रोज रेड लाईनने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने जाते. (नावाचा रेडलायनिंगशी, म्हणजे नकाशावर वस्त्या लाल रंगवून कर्ज नाकारण्याशी, काही संबंध नाही, पण पुढे वाचा.) स्ट्रीटरव्हिल या श्रीमंत भागाजवळच्या स्टॉपवर चढा आणि दक्षिणेला ६३ व्या स्ट्रीटला, म्हणजे एंगलवूड या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत उतरा, अर्धा तास लागतो कसाबसा. २०१९ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हिशोब मांडला होता की स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुष्य ९० वर्षं आणि एंगलवूडमध्ये ६०. तीस वर्षांचा फरक, एकाच गाडीत, एकाच तिकिटावर. ६३ चं स्टेशन पण बघण्यासारखं आहे, प्लॅटफॉर्म थेट डॅन रायन एक्स्प्रेसवेच्या मधोमध, दोन्हीकडून मिळून चौदा लेन, ट्रक सारखे चालू. मागे एकदा तिथे एक पोटुशी मुलगी बघितली, सिक्युरिटी गार्डचा युनिफॉर्म, सातवा-आठवा असेल, शर्टाची खालची दोन बटणं लागत नव्हती. बाक भरलेला. खांबाला टेकून उभी होती आणि स्कार्फ नाकावर धरलेला. गाडी यायला बारा मिनिटं होती बोर्डवर. ती रोज तिथे उभी राहत असणार.

आता जरा इतिहास, कंटाळा आला तर सोडून द्या. १९३३ मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढली, मंदीत लोकांची घरं जात होती ती वाचवायला. त्यांनी दोनशेच्या वर शहरांचे नकाशे केले. हिरवं म्हणजे उत्तम, मग निळं, मग पिवळं, आणि लाल म्हणजे धोक्याचं. कृष्णवर्णीय जिथे राहत तो भाग जवळजवळ डोळे झाकून लाल. त्याच काळात घराच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असायचं की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही, आणि कोर्टंही ते पाळायला लावायची, ते १९४८ साली सुप्रीम कोर्टाने थांबवलं. घर विकता-भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी आली थेट १९६८ च्या फेअर हाउसिंग अॅक्टने. मधल्या तीसेक वर्षांत ज्यांना घर घेता आलं त्यांची घरं फुगली, ज्यांना नाही त्यांच्याकडे नातवाला द्यायला काही उरलं नाही.

तर माझा प्रश्न साधा आहे. वस्ती अशी वेगळी काढून ठेवली तर ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं का, आणि पोचत असेल तर कुठल्या वाटेने? इथे मेडिकलवाले आहेत, आकडेवाले आहेत. बोला.

रिकामटेकडा

पहिल्या बाकावर जागा पकडून ठेवतो. सासूबाईंना धाग्याची लिंक पाठवली का?

शंकासुर

विषय चांगला पण घोडं नेहमीच्याच ठिकाणी पेंड खातंय. गरीब लोक गरीब वस्तीत राहतात, गरिबांची तब्येत वाईट असते, म्हणून वाईट वस्तीत तब्येत वाईट. यात वस्तीने काय केलं? उलटं पण असू शकतं, आजारी माणसाची नोकरी जाते म्हणून तो स्वस्त भागात जातो. आणि ते लाल-हिरवे नकाशे आजकाल प्रत्येक लेखात दिसतात पण नकाशे काढले तेव्हा वस्त्या आधीच वेगळ्या झालेल्या होत्या, रंग नंतर भरले. त्या कॉर्पोरेशनने कृष्णवर्णीयांनाही कर्जं दिली होती, हे कुणी लिहीत नाही. खरा दणका दिला तो १९३४ च्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने, त्यांनी अशा वस्त्यांतल्या कर्जांना हमीच नाकारली. एकूण काय तर आधी उत्पन्न बाजूला काढा आणि मग बोला.

तळ्याकाठची

नकाशाचं मान्य, मी घाईत लिहिलं. नकाशा म्हणजे रोग नव्हे, एक्स-रे म्हणू हवं तर.

पण उत्पन्न बाजूला काढलेलंय हो लोकांनी. कॅलिफोर्नियात दहा वर्षांचे जन्म घेऊन ते आईवडिलांच्या टॅक्सच्या नोंदींशी जोडून बघितले, २०२२ साली आलं ते. सगळ्यात श्रीमंत कृष्णवर्णीय घरातल्या बाळांची तब्येत सगळ्यात गरीब गोऱ्या घरातल्या बाळांपेक्षा वाईट निघाली. परत वाचा, मी पण तीनदा वाचलं. वेळेआधी जन्म, कमी वजन, दोन्हीत.

शंकासुर

मग वस्ती पण नाही ना ती, श्रीमंत कृष्णवर्णीय काही एंगलवूडला राहत नाहीत. मग जीन्स म्हणायचं का?

नाईट_शिफ्ट

आत्ताच घरी आले, बारा तासांची रात्र झाली आहे त्यामुळे शुद्धलेखन पोटात घाला.

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, चौदा वर्षं झाली. शहर आणि हॉस्पिटल सांगणार नाही. जीन्सचं उत्तर आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला कुणीतरी ऐकवतंच, कारण प्रत्येकाला तो प्रश्न पडतोच. शिकागोतल्याच डेव्हिड आणि कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्ये इलिनॉयमधले जन्म घेतले आणि तीन गट केले: इथे जन्मलेल्या गोऱ्या आया, इथे जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया, आणि आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या आया. गोष्ट जीन्सची असती तर आफ्रिकेहून आलेल्या बायकांची बाळं सगळ्यात हलकी निघायला हवी होती ना? सरासरी वजनं आली गोऱ्यांची ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेहून आलेल्यांची ३३३३, आणि इथे जन्मलेल्या कृष्णवर्णीयांची ३०८९. म्हणजे आफ्रिकेहून आलेली बाई वजनाच्या बाबतीत गोरीच्या शेजारी जाऊन बसली.

आणि श्रीमंतांचं म्हणाल तर त्याच पगाराचं कृष्णवर्णीय कुटुंब गोऱ्या कुटुंबापेक्षा गरीब वस्तीत राहतं, हे इथे वारंवार दिसलेलं आहे. शिवाय आज चांगल्या घरात राहत असली तरी ती वाढली कुठे, तिची आई कुठे वाढली? नऊ महिने मोजून चालत नाही. बाळ तीस वर्षांच्या शरीरात वाढतं.

झोपते. उठल्यावर बाकीचं.

शंकासुर

नाईट_शिफ्ट ताई, झोपा निवांत. पण एक आडवं लावतोच. देश सोडून इतक्या लांब येणारी माणसं निवडक असतात, शिकलेली, धडधाकट, आजारी माणूस व्हिसाच्या लायनीत उभा राहत नाही. मग आफ्रिकेहून आलेल्यांची बाळं चांगली निघणारच की, यात नवल ते काय.

तळ्याकाठची

बरोबर शंका. तेच पुढे बघितलं त्यांनी, २००२ मध्ये. बाहेरून आलेल्या बायकांच्या इथे जन्मलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना बाळं झाली, ती मोजली. युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या वंशात पुढच्या पिढीची बाळं आणखी वजनदार झाली, सगळे इमिग्रंट सांगतात तसं, इथलं दूधतूप मानवलं. आफ्रिका आणि कॅरिबियनमधून आलेल्यांच्या वंशात उलटं झालं, नातवंडं हलकी. आईचं सुदैव लेकीला पुरलं नाही. निवडक माणसं आली होती हे धरलं तरी एका पिढीत ते कुणी खाल्लं?

लिंबूटिंबू

वाचतेय. पण मला एक कुणीतरी सोप्यात सांगा, टेन्शनमुळे बाळ लवकर कसं येतं? 'स्ट्रेस' म्हटलं की सगळे माना डोलवतात पण आत नक्की होतं काय?

नाईट_शिफ्ट

उठले. चहा घेतला.

लिंबूटिंबू, सोप्यात. भीती वाटली की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं, धोका टळला की उतरतं. गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, स्वतःच एक हार्मोन बनवते, सीआरएच म्हणतात त्याला, आणि हे हार्मोन जणू बाळंतपणाचं घड्याळ असतं, दिवस भरत येतात तसं ते वाढत जातं. गंमत अशी की कॉर्टिसॉल एरवी मेंदूला म्हणतो बास कर, पण वारेला म्हणतो आणखी कर. त्यामुळे आई सतत तणावात असेल तर घड्याळ पुढे पळतं. त्यात वर्षानुवर्षांचं चढलेलं बीपी आलं, बीपीने वारेच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या की बाळाला कमी पोचतं, प्रीक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला बीपीचा जिवावरचा आजार, होऊ शकतो, मग आईचा जीव वाचवायला आम्हालाच बाळ ३० व्या आठवड्यात बाहेर काढावं लागतं. आतल्या सुजेचा, इन्फेक्शनचा मार्ग वेगळा. हे सगळं कमीजास्त प्रमाणात एकत्र चालू असतं, एका बोटाने दाखवता येत नाही.

अर्लीन जेरोनिमस म्हणून बाई आहेत, त्यांनी १९९२ मध्ये या झिजेला 'वेदरिंग' असं नाव दिलं. उन्हापावसात घराचा रंग उडतो तसं शरीर झिजणं. त्यांना सुचलं कशावरून, तर आकड्यांत एक विचित्र गोष्ट होती. गोऱ्या बायकांमध्ये टीनएजर आयांपेक्षा विशीतल्या आयांची बाळं चांगली जगतात, आपल्याला वाटतं तसंच. कृष्णवर्णीय बायकांमध्ये मात्र विशीतल्यांची बाळं टीनएजर आयांच्या बाळांपेक्षा वाईट होती. म्हणजे थांबण्याचा फायदा त्यांना मिळतच नव्हता, जितकं थांबाल तितकी झीज जास्त. यावर त्या काळी त्यांना बऱ्याच शिव्या खाव्या लागल्या, टीनएज प्रेग्नन्सीला उत्तेजन देताय म्हणून.

माझ्या युनिटमधलं सांगायचं तर ९०० ग्रॅमच्या बाळाच्या पायाला ऑक्सिजन बघायची पट्टी लावतो आम्ही, तिचा लाल दिवा पायातून आरपार दिसतो. इतकं पातळ सगळं. दूध सिरिंजने, एका वेळी दोन मिली. आईने ते पंप करून आणायचं, त्या बाळांना आईच्या दुधाचा खूप फरक पडतो, आतड्याचा एक भयंकर आजार त्याने टळतो. आता आई घरी सोडलेली असते आणि बाळ अडीच महिने आमच्याकडे. गाडी असलेली आई दिवसातून दोनदा येते, छातीशी बाळ धरून तासन् तास बसते. दोन बस बदलून येणारी आई, घरी अजून दोन पोरं, नोकरीवर आठव्या दिवशी हजर व्हायला लागलेलं, ती आठवड्यातून तीनदा येते आणि तेही बर्फ पडला तर नाही. आणि मग चार्टवर कुणीतरी लिहितं, 'आईची भेट अनियमित'. मला त्या वाक्याचा इतका राग येतो ना. बसचं वेळापत्रक लिहा की चार्टवर.

रिकामटेकडा

या प्रतिसादाला मी दोनदा टाळ्या वाजवल्या, बायको विचारतेय काय झालं.

पार्कवेवाले आजोबा

मी रिटायर्ड ट्रॅफिक इंजिनियर, न्यूजर्सी. आमच्या खात्याशी संबंध आला म्हणून लिहितो, एरवी बाळंतपणातलं मला काही कळत नाही.

आमच्या गार्डन स्टेट पार्कवेवर पूर्वी ३५ सेंट टोल होता, दर काही मैलांवर प्लाझा. खिडकीतून हात काढून नाणी टोपलीत फेकायची, एखादं बाहेर पडलं की उतरून शोधायचं आणि मागचे भोंगे वाजवणार. उन्हाळ्यात समुद्रावर जाणाऱ्यांची एक-एक मैल रांग, इंजिन चालू, थांब-चाल थांब-चाल, सगळ्यात घाण धूर अशा वेळीच निघतो. मग ई-झेडपास आला, म्हणजे गाडी न थांबवता टोल कापणारं यंत्र, रांगा गेल्या. आम्ही आमच्या रिपोर्टात वाचलेली मिनिटं मोजली, वाचलेलं पेट्रोल मोजलं, पाठ थोपटून घेतली.

जॅनेट करी आणि रीड वॉकर या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळंच मोजलं, २०११ मध्ये छापून आलं. न्यूजर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोल प्लाझापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आया आणि त्याच रस्त्यालगत पण प्लाझापासून लांब, दोन ते दहा किलोमीटरवर राहणाऱ्या आया. ई-झेडपास बसल्यावर जवळच्या आयांमध्ये वेळेआधी जन्मणारी बाळं १०.८ टक्क्यांनी कमी झाली, कमी वजनाची ११.८ टक्क्यांनी. शंकासुर, यात त्या बायका गरीब होत्या का, सिगारेट ओढायच्या का, काय खायच्या, काही बदललं नाही. त्यांना कुणी उपदेश केला नाही. फक्त गाड्या थांबायच्या बंद झाल्या. आम्ही ते यंत्र बसवलं ते लोकांना ऑफिसला लवकर पोचवायला, बाळांचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. मी अजून कधीकधी तो विचार करतो.

शंकासुर

आजोबा, हे मानलं. असा पुरावा हवा होता मला. इथे कार्यकारणभाव आहे, नुसतं दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणं नाही. म्हणजे तुमचं म्हणणं की हायवे कुणाच्या अंगणातून गेला यावर बाळाचं वजन.

तळ्याकाठची

आणि हायवे बहुतेक वेळा त्याच अंगणांतून गेले जिथे जमीन स्वस्त आणि विरोध करणाऱ्याला कुणी विचारत नाही. तोच भाग लाल, तिथेच झाडं कमी, तिथेच डांबर जास्त. १०८ शहरांचं उन्हाळ्यातलं जमिनीचं तापमान बघितलंय लोकांनी, पूर्वी लाल असलेले भाग सरासरी अडीच डिग्री सेल्सियसच्या वर जास्त तापतात. नव्वद वर्षांपूर्वीचा रंग आजच्या थर्मामीटरमध्ये दिसतो, मला हे वाचून शहारा आला.

कॅलिफोर्नियातही जुनी कोळसा आणि तेलावरची आठ वीजकेंद्रं २००१ ते २०११ मध्ये बंद झाली तेव्हा पाच किलोमीटरच्या आतल्या आयांमध्ये वेळेआधीची बाळंतपणं ७ टक्क्यांवरून ५.१ वर आली. आजोबांच्या टोलनाक्यासारखंच.

एडिसनकर

सगळं ठीक, पण आपण इंडियन्सही एकाच भागात घुसून राहतो की. शाळा, देऊळ, किराणा सगळं दहा मिनिटांत. आम्हाला तर फायदाच झाला, बायकोच्या डिलिव्हरीनंतर चाळीस दिवस शेजारणींनी डबे पोचवले. मग वेगळं राहणं वाईट कसं?

तळ्याकाठची

चांगला मुद्दा, मी पण यावर अडकले होते. माणसं एकत्र राहिली म्हणून बाळ आजारी पडत नाही. मेक्सिकोहून आलेल्या बायकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे, पैसा कमी, शिक्षण कमी, पण बाळं चांगल्या वजनाची, आणि त्याचं थोडं श्रेय मावशा-आत्यांनी भरलेल्या वस्तीला दिलं जातं. तुम्ही एडिसनला राहता कारण तुम्हाला तिथे राहायचंय. उद्या घर विकून दुसरीकडे जाता येतं, बँक कर्ज देते, घराची किंमत वाढते, प्रॉपर्टी टॅक्सवर शाळा चालते. एंगलवूडमधून बाहेर पडायला दार नव्हतं आणि आत पैसा यायलाही नव्हतं. एकत्र राहणं आणि कोंडून ठेवणं यात हाच फरक.

आणि नणंदेच्या बाळाचं उत्तर मला इथेच सापडलं, बघा. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकन आणि भारतीय आयांची तुलना केली होती. आपल्या बायका शिकलेल्या, पैसेवाल्या, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणाऱ्या आणि तरी बाळं हलकी, मेक्सिकन बायकांचं बरोबर उलटं. पण आपली बाळं हलकी असूनही मरत नाहीत, जगतात. म्हणजे वजन हे सगळं सांगत नाही, हेही आलंच. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, 'म्हणजे आमच्याकडून आलं का?' काय बोलणार.

लिंबूटिंबू

आई गंऽऽ, सासूबाई रॉक्स.

शंकासुर

थोडं थंड पाणी ओततो. या विषयात चुकीचे अभ्यास पण डोक्यावर घेतले जातात. २०२० मध्ये फ्लोरिडाचा आला होता, १८ लाख जन्म, निष्कर्ष असा की कृष्णवर्णीय बाळाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला तर मृत्यूचा जादा धोका निम्मा होतो. सगळीकडे छापलं, कोर्टाच्या कागदांतही गेलं. २०२४ मध्ये दुसऱ्यांनी तोच डेटा घेतला आणि १५०० ग्रॅमच्या आतली बाळं हिशोबात धरली तर परिणाम जवळजवळ उडाला, कारण अशी नाजूक बाळं जास्त करून गोऱ्या डॉक्टरांकडे जात होती. म्हणून म्हणतो, पटतंय म्हणून लगेच खरं मानू नका.

नाईट_शिफ्ट

हे बरोबर आहे आणि बरं झालं लिहिलंत. माझ्या मते तर त्यातून धाग्याचाच मुद्दा पक्का होतो. बाळ १५०० च्या आत का आलं हा प्रश्न आमच्या दारात यायच्या आधीचा आहे. आमच्याकडे पोचल्यावर डॉक्टर कुणीही असो, ९०० ग्रॅम ते ९०० ग्रॅम.

आणि पोचणं पण गृहीत धरू नका. वॉशिंग्टनमध्ये अॅनाकोस्टिया नदीच्या पलीकडे २०१७ नंतर कित्येक वर्षं बाळंतपणाची सोयच नव्हती, कळा सुरू झाल्या की पूल ओलांडायचा. शिकागोच्या दक्षिणेलाही २०१९-२० च्या सुमारास एकामागून एक वॉर्ड बंद झाले. इथली दहातली चार बाळंतपणं मेडिकेडवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यावर होतात, मेडिकेड हॉस्पिटलला कमी पैसे देतं, बाळंतपणाचा वॉर्ड चोवीस तास माणसं बसवून चालवावा लागतो, मग तोट्यात कुठला वॉर्ड जाणार? जिथे सगळ्या आया मेडिकेडवर तिथला.

पार्कवेवाले आजोबा

मग करायचं काय? इंजिनियर आहे, उपाय नसला तर मला झोप येत नाही.

तळ्याकाठची

आजोबा, उपाय झालेले आहेत, हेच तर चीड आणणारं आहे. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, सुरू झालं तेव्हा सरकारने हॉस्पिटलांना सांगितलं की गोऱ्यांचा वॉर्ड वेगळा ठेवलात तर पैसे नाहीत. १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा होताच, पण खिशाला हात लागला तेव्हा भिंती पडल्या, काही ठिकाणी महिन्यांत. मिसिसिपीत त्यानंतरच्या पाच वर्षांत कृष्णवर्णीय बाळांचे जुलाब आणि न्यूमोनियाचे मृत्यू धडाधड उतरले. म्हणजे सलाईन आणि अँटिबायोटिक आधीपासून होतं, फक्त दुसऱ्या दारातून आत जायला मिळत नव्हतं.

१९९४ ते ९८ मध्ये पाच शहरांत गरीब वस्तीतल्या ४६०० कुटुंबांवर प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या भागात जायला घरभाड्याचं व्हाउचर दिलं. दहा-पंधरा वर्षांनी त्या गटातल्या बायकांमध्ये अति लठ्ठपणा आणि डायबेटिस कमी. पगार काही फार वाढला नव्हता बरं का, वस्ती बदलली. डायबेटिस हा गरोदरपणातला किती मोठा ताप आहे ते नाईट_शिफ्ट ताई सांगतील.

आणि ताजं म्हणजे फ्लिंट, मिशिगन. २०१४ मध्ये पाण्याचा सोर्स बदलला आणि नळातून शिसं यायला लागलं ते गाव. तिथल्या बालरोगतज्ज्ञ मोना हॅना यांनी मुलांच्या रक्तातले आकडे बाहेर काढले होते. त्यांनीच जानेवारी २०२४ पासून नवीन सुरू केलंय, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला १५०० डॉलर आणि बाळ झालं की वर्षभर महिन्याला ५००, उत्पन्नाचा दाखला नाही, अट नाही. बालरोगतज्ज्ञ पैशाचं प्रिस्क्रिप्शन लिहितेय.

शंकासुर

सरसकट पैसे वाटण्याबद्दल माझी मतं तुम्हाला माहीत आहेत, ती लिहून धागा भरकटवत नाही. पण टोलनाक्याचं आणि मिसिसिपीचं मी माझ्या ऑफिसातल्या दोघांना सांगितलं आज. एवढं कबूल करतो.

एडिसनकर

शंकासुरने काहीतरी कबूल केलं! स्क्रीनशॉट काढलाय.

लिंबूटिंबू

नाईट_शिफ्ट ताई, ती दोन बस बदलून येणारी आई... तिच्या बाळाचं काय झालं?

नाईट_शिफ्ट

पेशंटबद्दल फार सांगता येत नाही, ती एकच बाई नाही असं समजा, अशा बऱ्याच जणींची मिळून गोष्ट. पण घरी जायच्या दिवसाचं सांगते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाला सोडायच्या आधी आम्ही कार सीट टेस्ट करतो. बाळाला त्याच्या स्वतःच्या सीटमध्ये दीड-दोन तास बसवायचं, मॉनिटर लावून, मान पुढे पडून श्वास अडकत नाही ना ते बघायचं. पास झालं तर घरी. आता जिच्याकडे गाडीच नाही तिने सीट कुठून आणायची? बाळ २ किलोच्या वर, दूध स्वतः ओढतंय, चार दिवस मॉनिटर एकदाही वाजला नाही, आणि सीट नाही म्हणून डिस्चार्ज अडलाय. आमच्या सोशल वर्करने कुठून तरी मिळवली, नवी, खोक्यातली. पट्टे सगळ्यात खालच्या खाचेत घालावे लागले, ते मला आणि दुसऱ्या एका नर्सला जमेना, शेवटी त्या आईनेच मॅन्युअल वाचून घातले. बाळ नव्वद मिनिटं झोपलं त्यात, पास.

खाली त्यांना सोडायला गेले तर गाडी बोलावलेली होती, तिच्या भावाने पैसे भरलेले. ड्रायव्हरने सीट बघितली आणि विचारलं, 'ही बसवायची कशी?' ती म्हणाली, 'सरका, मला येतं.'